टॅरोचा पहिला कॅट

नाशिकला भविष्य सांगणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. पंचवटीपासून त्र्यंबकेश्वरापर्यंत पत्रिका पाहणारे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हल्ली त्यांच्या शेजारी टॅरो येऊन बसला आहे. कॉलेजातल्या मुलींपासून निवृत्त काकूंपर्यंत अनेकांना हे पत्ते शिकायचे असतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : कॅट कोणता घ्यावा, पुस्तक कोणते घ्यावे? माझे मत असे, की पत्ते जरूर शिकावेत. पण स्वतःचा इतिहास न लपवणाऱ्या पुस्तकातून.

हा इतिहास मोठा गमतीचा आहे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत टॅरो हा चक्क खेळ होता. आपल्या मेंढीकोटात चारांपैकी एक रंग हुकूम होतो. तिथे हुकमाची 21 चित्रे वेगळीच असत आणि जोडीला एक विदूषक. ही 22 आणि चार रंगांची 56, मिळून 78 पाने. पुढे 1781 साली कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने ही इजिप्तची प्राचीन गूढ विद्या असल्याचे जाहीर केले. गंमत अशी, की इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हती! पण कल्पना रुजली आणि एकोणिसाव्या शतकात हिब्रू अक्षरे, ग्रह, राशी या पानांत गुंफल्या गेल्या. आपल्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहा. 120 गोल पाने, दहा अवतारांचे दहा रंग. पानांवर देव असूनही लोक ती खेळतच आले. चित्र गंभीर असले म्हणून पत्ता भविष्य जाणतो असे नव्हे.

आता कॅटाचे. नवशिक्याने 1909 साली लंडनच्या रायडर कंपनीने काढलेला, किंवा त्यावर बेतलेला कॅट घ्यावा. त्याची कल्पना आर्थर वेट यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. जुन्या मार्सेय पद्धतीच्या कॅटात चषकांची पंजी म्हणजे नुसते पाच पेले. पामेलाबाईंनी तिथे तीन पेले सांडलेले, दोन उभे, आणि सांडलेल्यांकडेच खिन्नपणे पाहणारा माणूस काढला. पाठांतर न करताही हे पान बोलते. या कामाचे बाईंना फार थोडे पैसे मिळाले आणि कॅट ओळखला गेला तो रायडर-वेट यांच्या नावाने! अॅलिस्टर क्रोलीचा थॉथ कॅट फ्रीडा हॅरिस यांनी रंगवला. तो देखणा आहे. पण कबाला आणि ज्योतिष यांची तोंडओळख झाल्यावर घ्यावा.

पुस्तकांत रेचल पोलॅक यांचे 'सेव्हन्टी-एट डिग्रीज ऑफ विज्डम' (1980 आणि 1983, दोन भाग) एकेक पान समजावून देते. इतिहासासाठी मायकेल डमेट यांचे 'द गेम ऑफ टॅरो' (1980). वेट यांचे स्वतःचे पुस्तक नंतर वाचावे. त्यांची भाषा जड आहे. कोणतेही पुस्तक घेताना पहिले प्रकरण चाळा. टॅरो इजिप्तहून आला असे ठामपणे लिहिले असेल, तर ते परत फळीवर ठेवा.

बाजारात सुमार नकलाही पुष्कळ. पातळ कागद, कडेला कापलेली चित्रे, पुस्तिका नाही, चित्रकाराचे नाव नाही. 1928 पासून नोटा छापणाऱ्या नाशिकच्या माणसाला तरी खऱ्याखोट्या कागदाची पारख हवी!

परवा माझ्या भाचीने विचारले, ''मामा, नोकरी सोडावी का, हे पत्ते सांगतील ना?'' मी म्हटले, ''पान काढ, चित्रात तुला काय दिसते ते वहीत लिही. तुझ्या मनात काय चालले आहे ते कदाचित कळेल. मग मात्र पत्ते डबीत ठेव आणि घरभाडे, शिल्लक, दुसऱ्या नोकरीची शक्यता यांचा हिशेब मांड.'' ती जरा हिरमुसली. पण हिशेब मांडायला बसली.

घरात कॅट आणणाऱ्या प्रत्येकाने एवढे पथ्य पाळावे. एक कॅट, एक-दोन पुस्तके, वर्षभराची वही. आणि दुसऱ्याच्या आजारावर, लग्नावर किंवा कोर्टकचेरीवर पान काढायचे नाही. तिथे डॉक्टर, घरची माणसे आणि वकील आहेत.