दारयवहूच्या लेखांचा रस्ता सुरतेवरून

प्राचीन इराणचे साम्राज्य युरोपच्या पंडितांनी उजेडात आणले आणि पारशांनी मात्र अर्थ न कळता मंत्र घोकले, असे सर्रास लिहिले जाते. हे मत मला साफ अमान्य आहे. सम्राट कुरुशाने इ.स.पू. 539 मध्ये बाबिलोन घेतले, हे ग्रीक ग्रंथांमुळे ठाऊक होते, हे खरे. पण या साम्राज्याच्या सम्राटांनी स्वतः कोरवलेली कीलाक्षरे 1800 पर्यंत कोणालाच लागत नव्हती. 1758 मध्ये आंक्तील द्यूपेराँ हा फ्रेंच तरुण सुरतेत आला आणि पारशी धर्मगुरू दस्तूर दाराब यांच्याकडे फारसीच्या माध्यमातून अवेस्ता हा पारशांचा धर्मग्रंथ शिकला. 1761 मध्ये तो 180 हस्तलिखिते घेऊन परत निघाला आणि 1771 मध्ये त्याचे अवेस्ताचे भाषांतर छापले गेले. पुढे 1802 मध्ये ग्रोटेफेंड हा जर्मन शिक्षक इराणमधल्या पर्सेपोलिसच्या कीलाक्षरी लेखांशी झगडत होता. एका राजाच्या बापाच्या नावापुढे राजपद लिहिलेले नाही, तेव्हा हा ज्याचा बाप राजा नव्हता तो इराणी सम्राट दारयवहू असणार, हे त्याने ताडले. बापाचे नाव ग्रीकांनी ‘हिस्टास्पेस’ असे लिहिलेले. ते अक्षरांत बसेना. आंक्तीलच्या ग्रंथात त्याला त्याच नावाचे ‘गुश्तास्प’ हे रूप सापडले आणि ते बसले. काही अक्षरे चुकली, तरी वाचनाला तोंड फुटले.

यावर कोणी म्हणेल, अवेस्तात कुरुश नाही, दारयवहू नाही. तिथला विश्तास्प, म्हणजेच गुश्तास्प, हा जरथुश्त्राचा आश्रयदाता, दारयवहूचा बाप नव्हे. कबूल. पण माझा दावा राजवंशावळीचा नाहीच, भाषेचा आणि श्रद्धेचा आहे. इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावरील लेखात दारयवहू आपले राज्य ज्या अउरमज्दाच्या कृपेने मिळाले म्हणतो, तोच अवेस्तातला अहुर मज्द. आणि विश्तास्प हे नाव पारशी परंपरेने जपले होते म्हणूनच ग्रोटेफेंडच्या हाती लागले. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दाराबांचे ज्ञान अवेस्तावरील पहलवी भाषेतल्या टीकेपुरते, म्हणून आंक्तीलचे भाषांतर चुकांनी भरलेले. इंग्रज पंडित विल्यम जोन्सने तर सगळा ग्रंथच बनावट ठरवला होता. भाषांतर सदोष होते, यात वाद नाही. मात्र 1833 मध्ये फ्रेंच पंडित ब्युर्नूफने यस्ना या अवेस्तातल्या भागाचा अर्थ नव्याने लावला तो नेर्योसंघ धवल यांच्या संस्कृत भाषांतराच्या आधारे. नेर्योसंघ हे गुजरातेतलेच पारशी मोबेद, म्हणजे पुरोहित, आणि ते भाषांतर पॅरिसला पोचले आंक्तीलने इथून नेलेल्या पोथ्यांतूनच.