‘माननीय’ कोणास म्हणावे?

मंत्रिपद मिळताच नावामागे ‘माननीय’ हे विशेषण लागते. त्यास जागणे अवघड. एप्रिल २०१३ मध्ये, ऐन दुष्काळात, बारामतीचे तत्कालीन आमदार व उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी इंदापूर तालुक्यातील निंबोडीच्या सभेत, उजनीच्या पाण्यासाठी मुंबईत आझाद मैदानावर उपोषण करणाऱ्या शेतकऱ्याची असभ्य शब्दांत थट्टा केली. श्रोते हसले, आणि हे त्या तालुक्यात, जेथील जुने पळसदेव उजनीच्या जलाशयात बुडाले! पुढे पवारांनी जाहीर माफी मागितली. १४ एप्रिलला कऱ्हाडला यशवंतरावांच्या समाधीपाशी दिवसभर ‘आत्मक्लेश’ केला. एवढे तरी किती सत्ताधारी करतात? तथापि अवमान यशवंतरावांचा नव्हे, त्या उपाशी शेतकऱ्याचा झाला होता. आत्मक्लेशास त्याच्यासमोर बसणे अधिक शोभले असते, असे आम्हांस वाटते.