वाटेवरची बेकरी : थोडे थांबण्याचे अर्थशास्त्र

रस्त्याने प्रवास करणाऱ्यांची संख्या गेल्या दोन दशकांत झपाट्याने वाढली. रस्ते रुंद झाले, मोटारी वेगवान झाल्या आणि किती तासांत पोहोचलो, हा अभिमानाने सांगण्याचा विषय झाला. इंग्लंड वा ऑस्ट्रेलियासारख्या देशांत मात्र सुट्टीच्या प्रवासाला निघालेली कुटुंबे आडगावातील एखाद्या जुन्या बेकरीसाठी, किंवा मांसाचे अथवा फळांचे सारण भरून भाजलेल्या पदार्थांच्या दुकानासाठी मुद्दाम वाट वाकडी करतात. आपल्याकडे असे करण्याजोगे काही नाही, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे, आणि हा समज दूर होणे केवळ जिभेच्याच नव्हे, तर छोट्या उद्योगांच्याही हिताचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक काळ असा होता की, पाव खाणे म्हणजे बाटणे, अशी समजूत महाराष्ट्रातील अनेक घरांत होती. आज सकाळच्या चहाबरोबर खारी, टोस्ट किंवा बटर नाही असे घर शोधावे लागेल. हा बदल घडवून आणला तो पोर्तुगीजांकडून पावाची विद्या घेतलेल्या गोव्यातील पोदेरांनी, मुंबई-पुण्यात स्थिरावलेल्या इराणी बेकरीवाल्यांनी आणि उत्तर प्रदेशातून येऊन गावोगावी भट्ट्या उभारणाऱ्या कारागिरांनी.

यांपैकी काही ठिकाणे तर प्रवासाच्या आराखड्यात हक्काने घालावीत अशी आहेत. पुण्याच्या ईस्ट स्ट्रीटवरील कयानी बेकरी १९५५ पासून चालू आहे. तेथील श्रूसबरी बिस्किटांसाठी लोक आजही रांगेत उभे राहतात. गोव्यात तर सायकलच्या भोंग्यावरून पोदेर आल्याचे कळते. कोंड्याची पोई, कडक कवचाचे उंडे आणि बांगडीसारखे कांकण हे पदार्थ भट्टीतून निघाल्यावर दोन-तीन तासांच्या आत खाल्ले, तरच त्यांची खरी चव कळते. पूर्वी हे पीठ माडाच्या ताडीने फुगवीत. आता बहुतेक ठिकाणी यीस्ट वापरतात. पणजीच्या फोंताइन्हास भागातील ‘३१ दे जानेरो’ ही जुनी बेकरी पायी फिरत गाठावी. परदेशी प्रवासी ज्या सारणभरल्या पदार्थासाठी मैलोगणती जातो, त्याचे धाकटे भावंड ‘एम्पाद’ या नावाने गोव्यात मिळते. थर देऊन भाजलेल्या बेबिंका या गोड पदार्थाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

परंतु नावाजलेल्या दुकानांना शिफारशीची गरज नसते. मला आग्रहाने सांगावयाचे आहे ते अनाम बेकऱ्यांविषयी. आमचा भनपुरी परिसर रायपूर-बिलासपूर मार्गावरील, मालमोटारींच्या अखंड वर्दळीचा. येथील अनेक मराठी कुटुंबांचा वर्षातून दोन-तीनदा तरी नागपूरपर्यंत प्रवास होतो. सुमारे पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटरच्या या राष्ट्रीय महामार्गावर दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, लाखनी व भंडारा ही गावे लागतात. महामार्गावर ढाबे पुष्कळ. बेकरी मात्र सहसा महामार्गावर नसते, ती गावातील बाजारपेठेत असते. पूर्वी रस्ता बाजारातूनच जात असल्याने वाटसरूला खारीचा वास आपोआप येई. आता कोठे बाह्यवळण आहे, तर कोठे उड्डाणपूल. वाहतुकीच्या दृष्टीने हे स्वागतार्हच आहे. मात्र त्यामुळे सहज येणारे गिऱ्हाईक नाहीसे झाले. ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला. त्यावर तर ठरावीक ठिकाणांखेरीज बाहेर पडताच येत नाही. यापुढे गावच्या बेकरीला प्रवासी गिऱ्हाईक मिळेल, ते ठरवून आलेलेच असेल.

या ठरवून येण्याला इतके महत्त्व का, हे समजण्यासाठी भट्टीचा हिशेब पाहावा लागेल. विटांची भट्टी एकदा तापली की तिची उष्णता वाया जाऊ न देणे हेच बेकरीचे खरे व्यवस्थापन. कडक आचेवर आधी पाव भाजतात. आच उतरू लागली की खारी व बिस्किटे लावतात. आणि कापलेल्या पावाचे तुकडे अखेरच्या मंद उष्णतेवर सावकाश वाळवून टोस्ट करतात. म्हणजे एकाच जळणात तीन प्रकारचा माल निघतो. यातील पाव गावकरी रोज घेतात. पण तो त्याच दिवशी खपला पाहिजे आणि त्यावर सुटणारा नफा अल्प. वाटसरू मात्र टिकाऊ माल घेतो. किलोभर नानकटाई, दोन किलो टोस्ट, नातेवाइकांसाठी खारीचा पुडा. गावची रोजची गरज भट्टी पेटती ठेवते, तर वाटसरूची खरेदी तिला शिल्लक मिळवून देते.

आज या शिल्लकेची निकड पूर्वीपेक्षा अधिक आहे. हवेच्या प्रदूषणाची दखल घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये, मुंबईतील लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश दिला. त्यामागील हेतू निर्विवाद योग्य आहे. भट्टीसमोर आयुष्य काढणाऱ्या कारागिराच्या फुफ्फुसांचाही विचार व्हायलाच हवा. हा आदेश मुंबईपुरता असला, तरी आज ना उद्या हा प्रश्न लहान शहरांपुढेही उभा राहणार. गॅसवर अथवा विजेवर चालणाऱ्या भट्टीसाठी भांडवल लागते, आणि दिवसाच्या गल्ल्यावर जगणाऱ्या व्यावसायिकाजवळ ते नसते.

येथे बँकेचा संबंध येतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेखाली अशा व्यवसायांना तारणाविना कर्ज मिळू शकते. तथापि, कर्जाचा प्रस्ताव तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे व्यवसायाची उलाढाल दाखविणारा काही तरी पुरावा यावा लागतो. रोखीने चालणाऱ्या बेकरीकडे नेमका तोच नसतो. रोज पहाटे तीन वाजता उठणारा, सचोटीने धंदा करणारा माणूस कागदावर मात्र दिसतच नाही. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे की, अशा दुकानात शक्य तेथे पैसे यूपीआयने, व्यवसायाच्या खात्यात द्यावेत. आपल्या दृष्टीने ती साठ-सत्तर रुपयांची किरकोळ नोंद असते. परंतु अशा शेकडो नोंदी मिळूनच त्या व्यावसायिकाची पत उभी राहते. बेकरीचालकांनीही गल्ल्यातील रोकड नियमितपणे खात्यात भरावी. सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे व केक यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला असून, पाव आधीपासूनच करमुक्त आहे. हिशेब उघड ठेवण्याची भीती बाळगण्याचे कारण त्यामुळे आणखी कमी झाले आहे.

लहान बेकरीतील स्वच्छतेचे काय, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार अशा व्यवसायाला नोंदणी वा परवाना आवश्यक असतो. त्याचा चौदा अंकी क्रमांक दुकानात लावला आहे का, ते पाहावे. भट्टी केव्हा उघडते, हे विचारावे आणि त्या वेळी जावे. ताजा माल आणि कामाची जागा दोन्ही डोळ्यांसमोर येतात. खारी तुपाची की वनस्पतीची, हेही निःसंकोच विचारावे. चांगला बेकरीवाला असल्या प्रश्नांनी दुखावत नाही. गिऱ्हाईक जाणकार आहे, हे पाहून तो सुखावतोच. जेथे उत्तर मिळणार नाही, तेथून रिकाम्या हाताने परतावे. लहान उद्योगाविषयीची आस्था म्हणजे डोळे मिटून केलेली खरेदी नव्हे.

पुढील प्रवासाची आखणी करताना पोहोचण्याच्या वेळेत अर्धा तास मुद्दाम जास्तीचा धरावा आणि वाटेतील एका गावात उतरून तेथील बेकरी शोधावी. पेट्रोल पंपावर वा चहाच्या टपरीवर चौकशी केली, की पत्ता मिळतोच. महामार्गावरील झगमगत्या उपाहारगृहांत सर्वत्र एकाच चवीचे, कोठून तरी बंद पाकिटांतून आलेले खाद्यपदार्थ मिळतात. गावातील भट्टीत त्या गावाचे पाणी, त्या कारागिराचा हात आणि त्या दिवसाची आच असते. अर्ध्या तासाच्या मोबदल्यात मिळणारी ही चव स्वस्तच म्हणावी लागेल, आणि त्या अर्ध्या तासावर एखाद्या कुटुंबाची भट्टी उद्याही पेटती राहील.