पोटातला गोळा

परीक्षेचे दिवस आले, की परभणी जिल्ह्यातील पुष्कळ घरांत एक प्रसंग ठरलेला असतो. गाव जिंतूर असो वा गंगाखेड, शाळेला निघालेले मूल उंबऱ्यापाशीच पोट धरून बसते, आणि वडीलधारी माणसे म्हणतात, "सोंग करतो आहे!" हा आरोप बहुधा अन्यायाचा असतो.

भीतीने पोटात गोळा येतो, असे मराठी माणूस कितीतरी पिढ्या म्हणत आला आहे. हा नुसता भाषेचा अलंकार नव्हे. अन्ननलिकेपासून आतड्यांपर्यंतच्या भित्तींत १० कोटींहून अधिक चेतापेशी असतात. मेंदूपासून निघालेला 'व्हेगस' नावाचा लांब मज्जातंतू मान व छाती ओलांडून पोटापर्यंत उतरतो. मेंदू त्यावरून पोटाला केवळ हुकूम सोडत असेल, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात त्यातील दर शंभर तंतूंपैकी सुमारे ८० तंतू खालची वार्ता वर मेंदूकडे नेतात. येथे पाटलापेक्षा गावकरीच अधिक बोलतात म्हणायचे!

मन घाबरले, की मेंदू शरीराला पळण्यास वा झुंजण्यास सज्ज करतो. रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते आणि जठराचे काम मंदावते. मोठ्या आतड्याची हालचाल मात्र वाढते. मग मळमळते, कळ येते, शौचास धावावे लागते. यात मुलाची लबाडी ती कोठे आली?

अमेरिकेत १८२२ साली ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणास पोटाजवळ बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण जठरात उघडणारे छिद्र कायमचे राहिले. डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या छिद्रातून पचनक्रिया पुढे कित्येक वर्षे न्याहाळली. मार्टिन रागावला, की त्याचे पचन बिघडते, हेही त्यांच्या ध्यानात आले. मुलाच्या पुढ्यात ज्वारीची भाकरी वाढून त्याच वेळी गुणांचा जाब विचारणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

अशा सकाळी मुलाने थोडेच, पण सावकाश खावे. श्वास हळूहळू सोडावा. घरच्यांनी घटकाभर जवळ बसावे. मात्र दुखणे रात्री झोपेतून उठवू लागले, ताप आला वा उलट्या थांबेनात, तर तो दोष परीक्षेच्या माथी मारू नये. मुलास त्वरित दवाखान्यात न्यावे.