खेळातला घाट आणि आपला घाट

व्हिडिओ गेम म्हणजे मुलांचा वेळ खाणारी गोष्ट, असे आपल्या पिढीचे मत आहे. पण पाहुणे कोणत्या गावाला जातील आणि तिथे काय शोधतील, हे आता काही अंशी हे खेळही ठरवू लागले आहेत. जोयडा तालुक्यात होमस्टे चालवून पोट भरणारी घरे वाढत असताना या बदलाकडे पाहायला हवे.

इटलीतले फ्लॉरेन्स घ्या. २००९ साली आलेल्या 'असॅसिन्स क्रीड २' या खेळात पंधराव्या शतकातले हे शहर उभे केले आहे. खेळणारा तिथल्या कौलांवरून धावतो, उंच मनोऱ्यांवर चढतो. तो खेळत मोठी झालेली मुले आज ते शहर पाहायला जातात. सिएनाजवळचे मोंतेरिज्जोनी हे तटबंदीचे छोटे गावही याच खेळात आहे. तिथे नायकाचा मोठा वाडा दाखवला आहे. प्रत्यक्ष गावात असा वाडा नाही. तट खरा, वाडा कल्पनेतला. पाहुणा मात्र दोन्ही मनात घेऊन येतो.

ही गोष्ट लांबची नाही. २०१७ साली एका अमेरिकन कंपनीने 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' हा खेळ काढला. त्यातली नायिका जीप घेऊन आपल्याच पश्चिम घाटात फिरते आणि होयसळांच्या काळातला गणपतीचा दात शोधते. धबधबे, दऱ्या, कोरीव मूर्ती सगळे देखणे आहे. पण त्या घाटात बंडखोर टोळी सोडली तर वस्ती नाही. होयसळांची नगरे म्हणजे रानात पडलेले अवशेष. खरे बेलूर आजही नांदते गाव आहे. १११७ साली उभारणी झालेल्या चेन्नकेशव मंदिरात अजून पूजा चालते, आणि २०२३ मध्ये होयसळ मंदिरे युनेस्कोच्या यादीत गेली.

परदेशी कंपनीला दोष देणे सोपे आहे. पण आपल्या भागाच्या पर्यटन जाहिराती तरी वेगळे काय दाखवतात? वाघ, काळा बिबट्या, धबधबा आणि गणेशगुडीचे राफ्टिंग. माणूस त्यातही नाही. ज्या पाण्यावर ती रबरी नाव उसळते, ते सुपा धरणातून सोडलेले असते. त्या धरणाखाली सुपा गाव गेले, तालुक्याचे नावही बदलले, विस्थापितांसाठी रामनगर वसले. हे पाहुण्याला कोण सांगतो? व्याघ्र प्रकल्पातून पुनर्वसनाची रक्कम घेऊन काही कुटुंबे बाहेर पडली आहेत. असेच चालले तर जाहिरातीतले निर्मनुष्य रान हळूहळू खरे होईल.

नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयाने यावर एक वाट दाखवली आहे. २०१७ मध्ये त्यांनी मोबाइलसाठी 'फादर अँड सन' नावाचा मोफत खेळ काढला. एक मुलगा पुरातत्त्वज्ञ असलेल्या आपल्या वडिलांच्या मागावर संग्रहालयात आणि शहरात फिरतो. खेळाचा काही भाग संग्रहालयात प्रत्यक्ष गेल्यावरच उघडतो. गोष्ट ज्यांची, सांगणारेही तेच, आणि पाहुणाही त्यांच्याच दारात येतो.

कर्नाटक सरकारचे अॅनिमेशन आणि गेमिंगसाठी २०२४ ते २०२९ असे धोरण आहे. पर्यटनासाठीही त्याच मुदतीचे वेगळे धोरण आहे. या दोन्हींच्या मधे आपल्यासारख्या गावांना जागा मागता येईल. पण मागण्याआधी हातात काहीतरी हवे. बँकेत आयुष्य घालवलेल्या आम्हा माणसांना एवढे नक्की कळते, की कागद नसेल तर दावा उभा राहत नाही.

जुने सुपा डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. बाजार कुठे भरायचा, कोणाचे घर कोणाच्या शेजारी होते, नदीवर उतरायची वाट कोणती, हे त्यांच्याकडूनच कळेल. त्याला कोटींचा खर्च लागत नाही. हाताने काढलेला नकाशा, जुने फोटो आणि मोबाइलवर घेतलेला आवाज पुरेसा आहे. कुणबी घरांतली कंदमुळांची शेती, देवराया, सण यांचीही नोंद अशीच व्हावी. बेळगाव, पुणे, बंगळूरला संगणकावर काम करणारी आपली मुले त्यातून पुढे खेळ करतील किंवा आणखी काही. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ वही घेऊन बसूया.