माळ्यावरची मडकी

चैत्र संपत आला की आमच्या दर्पण कॉलनीत दोनच विषय: लू आणि नळ. तिघऱ्याचं पाणी दिवसाआड यायला लागलं, की आधी कूलर भरायचा की वाफे, यावर घरात वाद ठरलेला.

यंदा सूनबाई म्हणाली, "आई, टोमॅटो उपटूया. फुलं येतात नि गळतात." मी दुप्पट पाणी घालून पाहिलं होतं; पण दोष पाण्याचा नव्हताच. पारा ३८च्या पुढे गेला की टोमॅटोचा पराग निकामी होतो, फळ धरत नाही. जिवावर आलं, पण उपटले. तिथे गवार नि चवळी लावली. त्यांना ऊन मानवतं.

मग माळ्यावरची दोन मडकी घासून मधोमध गळ्यापर्यंत पुरली. पाझरणारीच हवीत, रंगवलेली चालत नाहीत. तोंडावर झाकण, नाहीतर डास! पाणी हळूहळू मुळांशी झिरपतं. वर कडुनिंबाचा पाचोळा. त्याला इथे तोटा नाही.

मडकी भरायचं काम नातवाकडे. काल विचारतो, "आजी, ही माळ्यावर कुणी टाकली होती?"

फ्रिज आला तेव्हा मीच.