हरकतीची तारीख चुकवू नका



परवा सोनिवलीला भाताची रोपे बघायला गेलो होतो. रोपांचे बोलणे लवकर आटोपले आणि गाडी घरपट्टीवर आली. गाव कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतले. शेती आक्रसली, तसा कित्येक घरांना चार खोल्यांच्या भाड्याचा आधार झाला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, भाडेकरू आपापल्या मुलखाला निघून गेले आणि खोल्यांना कुलपे लागली. पट्टी मात्र थांबली नाही. "साहेब, वाईट दिवसात पट्टी कमी करून मागता येते का?" असा त्यांचा प्रश्न. तुमच्यापैकी अनेकांचा तोच असेल, म्हणून आज पिकाऐवजी पट्टीबद्दल लिहितो.

तेजीत आकारणी आणि मंदीत वसुली, हे दुखणे जुने आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीच्या मागोमाग, १८६७ साली, इंदापूर तालुक्यात शेतसाऱ्याची फेरआकारणी होऊन सारा वाढला. पुढे भाव कोसळले, सारा तसाच राहिला. पुणे सार्वजनिक सभेने रयतेची गाऱ्हाणी गोळा करून सरकारपुढे लेखी मांडली. १८७४ साली सरकारला सारावाढीवर मर्यादा घालावी लागली. तोंडी रडगाण्यापेक्षा कागदावरचा आकडा जड असतो, एवढे यातून घ्या.

आता आपल्या घराकडे वळू. नगरपरिषदेत भाडेमूल्यावर पट्टी असेल तर हिशेब सोपा आहे. समजा, खोलीचे वाजवी भाडे महिना २००० रुपये. वर्षाचे झाले २४,०००. त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा केले की २१,६०० हे करयोग्य मूल्य. तेच भाडे उतरून १५०० झाले तर करयोग्य मूल्य १६,२०० होते. म्हणजे "आमची परिस्थिती नाही" हे हरकतीचे कारण होत नाही. "या वस्तीत आता एवढे भाडे मिळत नाही, या पाहा पावत्या" हे कारण होते. मोजमाप जास्त धरले, कौलारू घर स्लॅबचे लिहिले, गोठ्याला खोली म्हटले, घराचे वय चुकले, हीसुद्धा कारणेच. हप्ते किंवा सवलत मागायची तर तो अर्ज वेगळा करा. दोन्ही एकाच कागदावर लिहिले की हरकत बाजूला पडते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे तारीख. आकारणीची यादी तयार झाली की नगरपरिषद जाहीर नोटीस काढते आणि हरकतीसाठी किमान ३० दिवस देते. त्या मुदतीत लेखी हरकत द्या, सुनावणीला स्वतः जा. बिल आल्यावरही अपील आहे, पण १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने त्याला तीन अटी घातल्या आहेत: बिल मिळाल्यापासून १५ दिवसांत अपील करावे, बिलाची रक्कम आधी भरलेली असावी, आणि मूळ हरकत नोटिशीच्या मुदतीत दिलेली असावी. तिसरी अट चुकली की पहिल्या दोन पाळूनही उपयोग नाही.

माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचे असेच झाले. नोटीस आली तेव्हा लावणीची धांदल होती. त्याने ती न वाचताच आढ्याला खोचली. गोठा भाड्याची खोली म्हणून लिहिला गेला होता; सरळसरळ चूक होती. बिल हातात आले तेव्हा तो धावला, पण मुदत केव्हाच टळली होती. त्याची सून शिकलेली. ती म्हणाली, "मामंजी, कागद मला दाखवला असता तर!" तेव्हा घरात जो वाचणारा असेल त्याच्या हाती प्रत्येक कागद द्या. बी पेरायला वाफसा लागतो, तशी हरकतीलाही वेळ लागते.

ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शेतसाऱ्याच्या जमिनीवर ग्रामपंचायत हा कर बसवू शकत नाही. घर शेतात असले तरी घरावर मात्र बसवू शकते. आकारणी मान्य नसेल तर अपील पंचायत समितीकडे करायचे असते.

तेव्हा एवढे करा. आकारणीच्या यादीतील आपल्या घराचा उतारा मागून घ्या. घर स्वतः फुटपट्टीने मोजा आणि उताऱ्याशी ताडून पाहा. भाड्याच्या पावत्या, वीजबिले जपा. खोली रिकामी झाली तर त्याच आठवड्यात लेखी कळवा. मागाहून सांगून कोणी मानत नाही. अर्जाच्या दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय कचेरीच्या पायऱ्या उतरू नका.

पट्टी बुडवा असे मी सांगत नाही. गावचे पाणी, दिवे, रस्ते त्यावरच चालतात. पण जे देणे लागत नाही ते केवळ आळसापायी देऊ नका. सोनिवलीच्या मंडळींना मी हेच सांगितले. निघताना एकाने आढ्याकडे हात घातला आणि खोचलेले कागद खाली काढले. तुम्हीही आज तुमचे काढा.